न लागलेलं अक्षर

डॉक्टरांचं अक्षर लागणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. त्यांनी ‘खोकला’ लिहिला तर कुणी तो ‘खोका’ वाचायचं, कुणी ‘चाकू’. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं तर एकदा त्यांचा कागद उलटा धरून, सुलटा धरून, शेवटी शांतपणे विचारलं होतं, “चित्र छान आहे, पण औषध कोणतं द्यायचं?” खुद्द डॉक्टरांना सकाळचं लिहिलेलं संध्याकाळी लागायचं नाही. सगळ्या जगात ते अक्षर एकाच माणसाला लागायचं, आणि तो माणूस म्हणजे डॉक्टरांचा कंपाउंडर.

त्यांना नाव होतं, नाही असं नाही, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी सगळ्यांसाठी ते कंपाउंडरकाका. अडतीस वर्षं दवाखान्यातल्या लाकडी पार्टिशनच्या मागे उभं राहून त्यांनी औषधं दिली. पुड्या बांधल्या, मिक्श्चर ढवळलं, बाटलीला डोसांची कागदी पट्टी कातरून चिकटवली. अंगानं काटकुळे, चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधायची सवयही कायम. पेशंट खिडकीतून चिठ्ठी आत द्यायचा, काका तिच्याकडे क्षणभर बघायचे, आणि हात सरळ बरोबर बाटलीवर जायचा. लोक एकमेकांना कौतुकानं सांगायचे, “डॉक्टर काय, औषध कुणीही लिहील हो. वाचणारा पाहिजे.” हे काकांच्या कानावर आलं की ते दिवसभर गुणगुणत काम करायचे. माणूस साधा होता, पण साध्या माणसाला मिरवायला काही नको, असं कुणी सांगितलंय?

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा म्हणजे अगदीच गेली नाही, एक शब्द उरला: ‘हो’. पाणी हवं का, हो. पाणी नको ना, हो. कुशीवर वळवू का, हो. पंखा बंद करू की चालू राहू दे, हो. समोरच्याचं सगळं कळत होतं, ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं, पण तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं. पुलांचं काम करणारी त्यांची इंजिनिअर मुलगी दूरच्या गावाहून धावत आली ती तीन महिने इथेच होती. ती आता पंचेचाळिशीला आली होती, डोक्यावर हेल्मेट घालून पन्नास माणसांवर ओरडायची, पण या गल्लीत तिला अजून बेबीच म्हणत.

दवाखाना बंद झाला. तरी काका रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कुलूप उघडून आत जायचे. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, “काका, पेशंट नाहीत, डॉक्टर नाहीत, कुणाला औषध देता?” काका म्हणायचे, “एकोणतीस ॲडमिट आहेत.”

ते खोटं नव्हतं. पार्टिशनच्या मागे, काकांच्या टेबलाला लागून जी खिडकी होती, तिच्या कट्ट्यावर इंजेक्शनच्या सुया उकळायचा जुना इनॅमलचा ट्रे होता. आजारी पडण्याच्या सहा महिने आधी डॉक्टरांनी त्यात सक्युलंटचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांचं, बी पेरलं होतं. बी कसलं, नुसती धूळ. डॉक्टरांनी ते पांढऱ्या कागदावर घेतलं आणि काकांना बजावलं, “अरे, शिंकू नकोस, नाहीतर सगळी बाग जाईल.” वर काच झाकली. तीन आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसले, आणि सत्तरीतला तो मोठा डॉक्टर पेशंटला तसाच बसवून ठिपके मोजायला आत आला. आता त्या ठिपक्यांचे वाटाण्याएवढे गड्डे झाले होते, प्रत्येकाला चार-पाच फुगीर पानं, आणि ट्रेमध्ये एकमेकांच्या अंगावर रेलून बसले होते. काकांच्या बायकोनं त्यांचं नाव ठेवलं होतं ‘तुमची ती गुबगुबीत पोरं’. चार दिवसांनी एकदा बाटलीनं पाणी फवारायचं आणि बाकी वेळ हात बांधून बसायचं, एवढीच सेवा. पण ती चुकली तर डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं, म्हणून काका ती औषधासारखी करायचे.

एका सकाळी काका फवारा मारत असताना बेबी आली. मागोमाग घड्याळवालाही आला, कारण गल्लीत काही घडलं आणि तो तिथे नाही असं होत नसे. बेबीच्या हातात वहीचा अर्धा कागद होता.

“काका, बाबांनी लिहिलंय!” तिनं कागद उंच धरला. “डाव्या हातानं. चार दिवस खपत होते. त्यांना सांभाळायला ठेवलेली मावशी पाट धरून बसायची, बाबा लिहायचे. घाम फुटायचा त्यांना. आम्हाला कुणाला अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचाल.”

“अहो, काकांना नाही लागणार तर कुणाला?” घड्याळवाला म्हणाला. “द्या, द्या त्यांना!”

काकांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद घेतला. तीन ओळी होत्या. म्हणजे तीन ठिकाणी पेन्सिल फिरली होती. एक तिरकी रेघ, तिच्यावरून दुसरी. दोन आकडे एकमेकांत अडकलेले. एक ‘ज’ असेल, किंवा खुर्ची असेल. खाली पेन्सिलीनं कागद फाटला होता. काकांनी डोळे बारीक केले. कागद उजेडाकडे धरला. मग तो उलटा धरून बघितला. डॉक्टरांचं अक्षर वाईट होतं, पण ते अक्षर होतं. हे अक्षरच नव्हतं.

बेबी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घड्याळवाला मान पुढे काढून बघत होता.

“काय म्हणतात डॉक्टर?” त्यानं विचारलं.

आता एवढंच म्हणायचं होतं, की नाही लागत बुवा. तीन शब्द! पण अडतीस वर्षांत ते तीन शब्द काकांच्या तोंडून या गल्लीनं ऐकले नव्हते. काकांची नजर कागदावरून घसरली ती खिडकीतल्या ट्रेवर गेली.

“रोपं,” ते म्हणाले. “रोपं बदलायला सांगतायत. दाटी झालीय, वेगवेगळी लाव म्हणतायत.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” घड्याळवाल्यानं मांडीवर थाप मारली.

बेबीचा चेहरा एकदम उतरला. “एवढंच?” तिनं विचारलं. “तीन ओळी आहेत, काका.”

“एवढंच. म्हणजे… सविस्तर लिहिलंय.”

“बाबाच ते,” ती हसून म्हणाली, आणि ते हसू बघून काकांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. “मी येईन मदतीला. शुक्रवारी करू या.” ती गेली. कागद काकांच्या हातातच राहिला, तो त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी एकदा न लागलेल्या अक्षराचं औषध आपल्या अकलेनं बनवलं होतं. डॉक्टरांनी ती बाटली त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली. ओरडले नाहीत. म्हणाले, “अंदाजानं स्वयंपाक होतो. औषध होत नाही. लागलं नाही तर विचार.” काकांनी तो शब्द आजवर पाळला होता.

घरी बायको मटार सोलत बसली होती. काका खिडकीशी भिंग घेऊन तो कागद न्याहाळायला लागले. ती पाच मिनिटं बघत राहिली.

“अहो, वाचलेला कागद माणूस भिंगातून कशाला बघेल?”

“सहज.”

“लागलं नाही ना?”

“थोडं थोडं…”

“थोडं म्हणजे किती?”

“काहीच नाही,” काका म्हणाले आणि भिंग खाली ठेवलं.

बायकोनं शेंगा बाजूला सारल्या. “लग्नाला चाळीस वर्षं झाली. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं म्हणून गावभर टेंभा मिरवलात, माझं तोंड काही तुम्हाला वाचता आलं नाही. ते एक असो. पण पोरीला खोटं सांगितलंत? जा आणि खरं सांगा.”

“काय सांगू? की डॉक्टर, तुम्ही चार दिवस घाम गाळून लिहिलंत ते अक्षरच नाही, नुसत्या रेघा आहेत? त्या माणसापाशी आता दुसरं काय राहिलंय गं? त्यांना वाटतंय, निदान माझा कंपाउंडर वाचेल. तेही काढून घेऊ?”

हे मात्र खरं होतं, आणि बायकोलाही ते पटलं. तिनं शेंगा परत पुढ्यात ओढल्या. मग म्हणाली, “निम्मी काळजी डॉक्टरांची आहे, निम्मी तुमच्या अब्रूची. कुठली निम्मी मोठी आहे ते आधी बघा.”

काकांना ते बघायचं नव्हतं, आणि डॉक्टरांसमोर जायचंही नव्हतं. त्यांनी आपलं रोपं बदलायच्या तयारीत डोकं घातलं. निदान जे सांगितलं ते तरी नीट पार पाडावं. विटेचा चुरा चहाच्या जुन्या गाळणीनं चाळला, बारीक धूळ टाकून जाड कण ठेवले. त्यात जाडी वाळू, आणि चवीपुरती माती. सक्युलंटला माती जास्त झाली की पाणी धरून राहतं आणि मूळ कुजतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. कुंड्या म्हणून खोकल्याच्या औषधाची मापाची झाकणं काढली. दवाखान्यात ती पोतंभर होती. सुई तापवून प्रत्येकाच्या बुडाला तीन-तीन भोकं पाडली. हे सगळं करताना खिशातला कागद छातीला टोचत होता, म्हणजे टोचण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण टोचत होता.

शुक्रवारी बेबी आली. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. ट्रे आठवडाभर कोरडा ठेवलेला होता, म्हणजे माती सुटी होते. काकांनी मलम घोटायची चपटी पट्टी ट्रेच्या कडेनं आत सारली आणि रोपांचा एक पुंजका अलगद उचलला. मग हलकेच टिचकी. माती गळाली आणि खाली केसांसारखी पांढरी मुळं लोंबायला लागली.

“अगं बाई! एवढ्याशा जिवाला एवढी मुळं?” बेबी म्हणाली.

“ओढायचं नाही. मुळांत मुळं अडकलीत, एकेक सोडवायची. ह्या चिमट्यानं. पानाला धरायचं नाही हं, तुटतं.”

पुड्यांचे चौकोनी पांढरे कागद काकांनी टेबलावर मांडले होते. एका कागदावर एक रोप, आडवं. “दोन दिवस अशीच पडू देत,” त्यांनी सांगितलं. “मुळाला कुठे जखम झाली असेल ती सुकते. ओली जखम मातीत गेली की संपलं. लावल्यावरसुद्धा आठ दिवस पाणी नाही.”

“आठ दिवस? आणि जगतात?”

“जगतात. आपल्यालाच धीर नसतो.”

बेबीचा हात चांगला होता. दहा-बारा रोपं तिनं सफाईनं सोडवली. तेराव्याचं एक पान तुटून पडलं आणि ती चपापली. “असू दे,” काका म्हणाले. “तेही ठेव. मातीवर टाकलं तर कधीकधी लागतं.”

मग ती बोलायला लागली. हात कामात असले की माणसाची जीभ सुटते. तिकडे तिचा पूल अर्ध्यावर होता. साहेबांचा फोन आला होता, महिनाअखेर ये, नाहीतर काम दुसऱ्याकडे देतो. “सोमवारी राजीनामा पाठवतेय,” ती म्हणाली. “मावशी चांगली आहे, दिवसरात्र असते, सगळं बघते. पण बाबांना असं टाकून जाऊ कशी? आणि काका, खरं सांगू? बाबांना माझं असणं आवडत नाहीये.”

“वेडी आहेस का?”

“नाही हो. मी समोर आले की तोंड फिरवतात. आधी असं नव्हतं. त्या चिठ्ठीपासून. मला वाटलं होतं, चिठ्ठीत माझ्यासाठी काहीतरी असेल. नुसतं ‘बेबी’ लिहिलं असतं तरी चाललं असतं.” तिनं चिमटा खाली ठेवला आणि डोळे मनगटानं पुसले. “रोपांचा राग नाही मला. पण चार दिवस खपून त्यांना रोपंच आठवली!”

काका खाली मान घालून मुळं सोडवत राहिले.

“आणि ते टकटक,” बेबी म्हणाली. “मी घरी जाऊन सांगितलं ना, की काकांनी वाचलं, रोपं बदलणार आहेत, तेव्हा बाबा ‘हो, हो’ म्हणाले आणि पलंगाच्या लाकडावर बोटं वाजवायला लागले. मला वाटलं, खूश झाले. पण आता दिवसभर तेच चालतं. दोनदा वाजवतात, थांबतात, परत दोनदा. माझ्याकडे बघून वाजवतात, मला कळलं नाही की तोंड फिरवतात. मावशी म्हणते, चाळा लागलाय.”

काकांच्या हातातली पट्टी टेबलावर पडली.

आता काकांची झाकली मूठ उघडायला हवी. अडतीस वर्षं गल्लीला वाटलं, की काकांना डॉक्टरांचं अक्षर लागतं. दहातल्या आठ वेळा लागायचंच. पण उरलेल्या दोन वेळा? पेशंट समोर खिडकीत उभा. त्याच्यादेखत “डॉक्टर, हे काय लिहिलंय?” असं विचारलं तर पेशंटचा धीर सुटतो आणि दोघांचीही अब्रू जाते. म्हणून डॉक्टरांनीच ती युक्ती काढली होती. काका चिठ्ठी बघत आपल्याशीच पुटपुटल्यासारखं औषधाचं नाव घ्यायचे. पार्टिशनच्या पलीकडून डॉक्टरांचं बोट लाकडावर वाजायचं. एकदा वाजलं तर बरोबर. दोनदा वाजलं तर चूक. पेशंटला वाटायचं, डॉक्टर विचार करतायत. हे त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरांच्या मुलीलाही नाही आणि काकांच्या बायकोलाही नाही.

म्हणजे गेला आठवडाभर तो माणूस पलंगावर पडल्या पडल्या ओरडून सांगत होता. चूक. चूक. चूक. आणि ज्याला ते कळलं असतं, तो शहाणा इथे विटा चाळत बसला होता.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं ना? इथे मला काकांचा राग येतो. पोर समोर बसून रडतेय, सोमवार तीन दिवसांवर आलाय, आणि हा बाप्या काय म्हणाला? म्हणाला, “मुळं सुकू देत. मी रविवारी लावून घरी घेऊन येतो.” एवढं बोलून त्यानं उरलेली रोपं कागदावर मांडली आणि कुलूप लावलं. शनिवारी जेवला नाही. बायकोनं विचारलं नाही, कारण तिला न विचारताच कळलं होतं.

रविवारी सकाळी काका एकटेच टेबलाशी बसले. रोपं कागदावर जशीच्या तशी होती, थोडी मलूल, पण पानं घट्ट. झाकणात निम्म्यापर्यंत वाळू-चुरा घातला, काडेपेटीच्या काडीनं मधोमध भोक पाडलं, मुळं आत सोडली. मग पुडीचा कागद दुमडून त्याची चोच केली आणि चोचीतून कण कण करत माती मुळांभोवती ओतली. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अर्धी गुंज पावडर पुडीत मोजून सोडणारे ते हात, त्यांनी एकाही पानावर कण पडू दिला नाही. वरून जाड खडे पसरले, म्हणजे रोपाचा गळा कोरडा राहतो. एकोणतीस झाकणं झाली. तिसाव्या झाकणात ते खुडलेलं पान नुसतं ठेवलं. सगळी बाटल्यांच्या लाकडी खोक्यात मांडली आणि निघाले.

“ॲडमिट पेशंटना घरी सोडलं वाटतं?” घड्याळवाल्यानं विचारलं.

“तू गप रे,” काका म्हणाले. तो बिचारा गप्प झाला. काका असं कधी बोलत नसत.

डॉक्टर खिडकीपाशी पलंगावर टेकून बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले, आणि उजवा हात उशीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला. बेबीनं काकांना खुर्ची दिली. “बसा, मी खाली जाऊन बाबांची औषधं घेऊन येते,” म्हणून ती गेली. मावशी स्वयंपाकघरात होती.

काकांनी खोका डॉक्टरांच्या मांडीवर टेकवला. डॉक्टरांचे डोळे लकाकले. डाव्या हाताचं बोट त्यांनी एका झाकणात खड्यांखाली खुपसलं. ओल लागली नाही. समाधानानं त्यांनी बोट बाहेर काढलं. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पेशंट तपासताना जशी गंमत करायचे, तशी भुवई उडवून त्यांनी काकांकडे बघितलं. त्या एका भुवईनं काकांचा बांध फुटला.

“डॉक्टर, मला लागलं नाही,” ते म्हणाले. खिशातून कागद काढून त्यांनी चादरीवर ठेवला. “तुमची चिठ्ठी. एक अक्षर लागलं नाही. आणि विचारायला आलो नाही. अंदाजानं सांगितलं. घड्याळवाला समोर होता, मला लाज वाटली. एवढं एकच कारण, दुसरं नाही.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “हो, हो.” त्यांचे डोळे भरून आले होते, पण रागानं की कशानं, ते कळेना. त्यांनी डावा हात उचलला. काकांना वाटलं, आता बसते थोबाडीत, आणि बसायलाच हवी. डॉक्टरांनी बोट वाकवून काकांच्या कपाळावर एक टोला मारला. एकच. बरोबर.

काका रडता रडता हसले. मग उठले, खोका खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली, आणि पार्टिशनशी उभे राहायचे तसे ताठ बसले.

“विचारतो. रोपांबद्दल होतं?”

डॉक्टरांचं बोट पलंगाच्या लाकडावर वाजलं. टक, टक.

“कुठे दुखतंय?” टक, टक. “दवाखान्याचं काही? तो बंद करायचा, द्यायचा?” टक, टक. “मावशीबद्दल तक्रार?” टक, टक. “मग बेबी…”

वाक्य पुरं व्हायच्या आत बोट वाजलं. एकदा.

“बेबीनं काही आणायचं?” दोनदा. “करायचं?” एकदा. “काय करायचं? इथेच थांबायचं?”

टक, टक. टक, टक. टक, टक. शेजारच्या स्टुलावरचा चमचा वाटीत खणखणला.

काकांनी चमचा काढून बाजूला ठेवला. “जायचं? परत तिकडे, पुलावर?”

एकदा. आणि हात चादरीवर पडला. डॉक्टरांनी डोळे मिटले. चार दिवसांचा घाम, तीन ओळी, आठवडाभराची टकटक, सगळं एवढ्यासाठीच होतं, की पोरी, तू जा.

“असं कसं सांगू हो मी तिला?” काका म्हणाले. पण सांगायला हवं होतं. चिठ्ठी आता लागली होती.

बेबी दारात आली तेव्हा काका उभे राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. टकटकीचं गुपितही सांगितलं, अडतीस वर्षांचं. ती औषधांची पिशवी हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे बाबांनी माझ्यासाठी लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्ही मला सांगितलंत, रोपं.”

“हो.”

“काका, मी रात्र रात्र रडले हो!” ती ओरडलीच. मावशी स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली. “कुणी परक्यानं केलं असतं तर… तुम्ही? बाबांनी एका माणसावर भरवसा ठेवला, आणि तुम्हाला घड्याळवाल्याची लाज वाटली?”

काकांनी मान खाली घातली. बेबीनं पिशवी टेबलावर आपटली आणि वडिलांपाशी जाऊन बसली.

“बाबा, मला खरं सांगा. मी तुम्हाला नकोशी झालेय म्हणून जा म्हणताय, का माझं काम बुडतंय म्हणून?”

डॉक्टरांचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. ते ओशाळून काकांकडे बघू लागले.

“बेबी,” काका हळूच म्हणाले, “एका वेळी एकच विचारायचं.”

तिनं नाक पुसलं. “मी नकोशी झालेय?”

टक, टक. इतक्या जोरात, की तिनं दचकून त्यांचा हात धरला आणि मग सोडला, कारण तो हात तिला मोकळा हवा होता.

“मी कामावर परत जावं?”

टक.

“इथलं मी बघतो,” काका मध्येच म्हणाले. “रोज येईन. मावशी आहे. तुला रोज कळवीन, आणि विचारून कळवीन, अंदाजानं नाही.” कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बेबी वडिलांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“मी गेलेलं तुम्हाला आवडेल, बाबा?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “हो, हो.” तोंड तेच म्हणत राहिलं, कारण त्या तोंडाला दुसरं काही म्हणता येत नव्हतं. बोट अजून हवेतच होतं. मग ते लाकडावर आलं. टक. आणि थोड्या वेळानं, टक.

बेबीनं चादरीत तोंड लपवलं आणि लहान मुलीसारखी रडली. डॉक्टरांचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. काका खिडकीबाहेर बघत उभे होते आणि त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. वडिलांचा हात उचलून तिनं आपल्या हातानं पलंगाच्या कडेवर नेऊन ठेवला.

“तरी जाऊ?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी एकदाच वाजवलं.